खंडेनवमीचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गल्लीत पाणी सोडायला येणारा वॉलमन आणि त्याच्या खांद्यावरची ती लांबलचक किल्ली आली असेल. तुमचा त्यात दोष नाही. मी त्या रस्त्यातल्या व्हॉल्व्हचाच भाऊबंद, पण फार लांबचा. तो एका वेळी अख्ख्या गल्लीला पाणी सोडतो, मी एका वेळी अर्ध्या थेंबाहूनही कमी सोडत असे. मात्र कुणाचा माल खाण्याजोगा आणि कुणाचा पुरून टाकण्याजोगा, हे त्या अर्ध्या थेंबावर ठरायचं. त्यामुळे माझं काम लहान आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा ताठाही होता.

सध्या माझा मुक्काम बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीत आहे. समोर एका कारखान्याचा पत्रा दिसतो आणि त्याच्या बाजूनं खानापूर रस्त्याची धूळ. दिवसभर दुसरं काही काम नसल्यामुळे मला आठवायला वेळ भरपूर मिळतो. तेव्हा माझी हकीकत ऐका.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे झाला. तिथल्या कारागिरांनी न गंजणाऱ्या पोलादातून माझं अंग कातलं, माझ्या पाठीत केसाएवढी सहा छिद्रं पाडली आणि पोटात एक काळी चकती बसवली. चकतीची आणि पोलादाची तोंडं त्यांनी इतकी गुळगुळीत घासली की ती एकमेकांना टेकल्यावर मधून पाण्यालासुद्धा वाट नाही. मग मला फोमच्या गादीत निजवून त्यांनी खोका बंद केला. तो उघडला तो थेट इथं मच्छेत, आणि पहिला चेहरा मला दिसला तो भावकूचा.

भावकू बेळगुंदीचा. घरी भाताची आणि रताळ्याची शेती. पहाटे शिवारात एक फेरी मारून तो बसनं कामावर यायचा, तेव्हा त्याच्या चपलांना लाल माती असायची आणि दारातल्या पायपुसण्यावर तो ती पाच मिनिटं घासत बसायचा. प्रयोगशाळेत तो काचेची भांडी धुवायला लागला होता. पण त्याचा हात इतका स्थिर, की दोन वर्षांत त्याला सुई धरायला शिकवली आणि पुढे नमुना भरण्याचं काम बहुतेक त्याच्याकडेच आलं.

माझं काम समजायला सोपं आहे. यंत्रातला पंप एक पातळ द्रव न थांबता ढकलत असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या ऐंशी-नव्वद पट दाबानं. हा द्रव बारीक पूड ठासून भरलेल्या एका पोलादी नळीतून जातो. तिथं त्यात मिसळलेले पदार्थ एकमेकांपासून वेगळे होतात आणि पलीकडच्या दिव्यापुढे आपापल्या वेळेला हजर होतात. ज्याची हजेरी लागेल त्याचं टोक कागदावर उमटतं. आता एवढ्या दाबानं धावणाऱ्या प्रवाहात तपासायचा नमुना घालायचा कसा? तिथं माझी गरज लागते. माझ्या पाठीवर एक छोटी वेटोळी नळी आहे. माझी मूठ वर असली की ती नळी प्रवाहाबाहेर असते, तेव्हा सुईनं तीत नमुना भरायचा. मूठ खाली ओढली की तीच नळी प्रवाहाला जोडली जाते आणि नमुना पुढे निघतो. इंग्रजीत या दोन जागांना लोड आणि इंजेक्ट म्हणतात. भावकूनं पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘भर’ आणि ‘सोड’ म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे प्रयोगशाळेचे साहेबसुद्धा तेच म्हणू लागले.

कागदावरच्या त्या टोकाला सगळे ‘पीक’ म्हणतात. त्या शब्दाची भावकूला गंमत वाटायची. “शिवारात पीक यावं म्हणून मरतो, आणि हितं पीक येऊ नये म्हणून देवाला हात जोडतो,” असं तो म्हणायचा.

आमचे दिवस चांगले चालले होते. निपाणीकडची हळद आली, चिकोडीचा गूळ आला, गुरांची पेंड आली, औषधाच्या गोळ्या आल्या. एकदा माझी मूठ वरच्या फळीवरून पडलेल्या बाटलीखाली सापडून वाकली. नवी मागवायची तर महिने लागणार. भावकू ती खिशात घालून उद्यमबागेच्या कारखान्यांत गेला आणि त्याच्या मावसभावाच्या लेथवर तशीच्या तशी कातून घेऊन आला. तेव्हापासून माझं अंग परदेशी आणि मूठ बेळगावची. बाहेरून तपासायला आलेल्या एका अधिकाऱ्यानं एकच नमुना सहा वेळा भरायला लावला, सहाही आकडे एकमेकांना चिकटून आले, आणि ते गृहस्थ म्हणाले, “हा व्हॉल्व्ह खोटं बोलत नाही.” ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवत होतो ते विचारू नका.

याच ताठ्याच्या दिवसांत ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. नांगर, विळा, कोयता, लेथ, रिक्षा, काहीही असो, ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. प्रयोगशाळेतही दरवर्षी पूजा व्हायची. तराजू, भट्टी, दळायचं यंत्र, दारातली गाडी, सगळ्यांना बोट लागायचं. माझ्या यंत्राच्या मात्र वरच्या झाकणावर बोट ओढून भावकू पुढे जायचा. त्या वर्षी तो माझ्यापुढे थांबला. जवळ पूर्णिमा होती. ही पिरनवाडीची मुलगी, नुकतीच केमिस्ट म्हणून लागली होती आणि नमुन्यांची सगळी तपासणी तिच्याच हाताखाली चालायची.

“मामा, झाकणाला लावलं की नाही?” तिनं विचारलं.

“लावलं गं. पर आमच्यात डब्याला लावून भागत न्हाय. ज्येच्यावर हात चालतोय त्येलाच लावायचं असतंय.”

माझ्या तोंडावर मधोमध एक छिद्र आहे. सुई आत जाते ती तिथून. कपाळ पाहून टिळा लावावा तसं भावकूनं नेमकं त्याच जागी आधी हळदीचं आणि मग कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले. मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. त्या दिवशी मी सुखावलो. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं.

दसऱ्याची सुट्टी संपली. पूर्णिमानं ओल्या कागदानं माझं तोंड स्वच्छ पुसलं. वरून मी लख्ख दिसत होतो. पण कुंकवाचे चार कण छिद्राच्या आत उतरून बसले होते. पहिल्याच सुईनं ते आणखी आत लोटले, आणि भावकूनं मूठ खाली ओढली तेव्हा ते माझ्या पोटात, चकती आणि पोलाद यांच्यामध्ये भरडले गेले. भर, सोड, भर, सोड. संध्याकाळपर्यंत चकतीवर एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंत एक ओरखडा पडला. मला तो कळत होता. पण आमच्यासारख्यांना तोंड असून बोलता येत नाही, आणि तुम्हाला हे मी आज सांगतो आहे ते माझ्या मनातल्या मनात.

त्या ओरखड्यात आता दर नमुन्याचा अंश अडकून राहू लागला. साधा नमुना असला तर काही बिघडत नसे, पुढच्या धुण्यात तो निघून जाई. एखादा जहाल नमुना आला तर मात्र तीन वेळा धुऊनही त्याचा अंश दबा धरून राही आणि पुढच्याच्या नावावर बाहेर पडे. बावीस दिवस मी असा चालत होतो.

बाविसाव्या दिवशी, एका शुक्रवारी, आधी पेंडीचा एक नमुना आला. पेंडीला बुरशी लागलेली होती. शेंगदाण्याला किंवा पेंडीला बुरशी लागली की तीत एक विष तयार होतं, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते दिसत नाही, जिभेला कळत नाही, भाजल्यानं पुरतं जात नाही आणि पोटात साठत गेलं तर यकृत खातं. पेंडीचं पीक कागदावर मावेना. तो नमुना सोडून, मला नेहमीसारखं धुऊन, भावकूनं पुढचा भरला. तो होता निपाणीजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या शेंगदाण्याचा. त्यातही विषाचं पीक आलं.

नियमाप्रमाणे पूर्णिमानं तोच नमुना दुसऱ्यांदा भरायला लावला. या खेपेला पीक लहान आलं, पण आलं, आणि तेही कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या वर. तिच्या कपाळाला आठी पडली. एकाच बाटलीतलं दोनदा घेतलं तर एवढा फरक का पडावा? तिनं तो कागद पुन्हा हातात घेतला होता. पण साहेबांना पाचच्या आत रिपोर्ट हवा होता, आणि मर्यादेच्या वर तो दोन्ही वेळा होताच. तिनं सही केली.

मंगळवारी सकाळी पहिल्या बसनं कांताआक्का आली.

आक्का साठीला टेकलेली, जैन घरातली, अंगानं बारीक. हातात शेंगदाण्याचा स्टीलचा डबा आणि घरून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली. गावातल्या अकरा बायकांना घेऊन ती शेंगदाण्याची चिक्की करायची आणि ती चिक्की गावच्या अंगणवाडीत आणि दोन शाळांत मुलांना जायची. साहेब तिच्याशी कानडीत बोलले, तिनंही कानडीतच उत्तर दिलं, आणि त्यांनी जा म्हटल्यावर ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. शेवटी पूर्णिमा तिच्याजवळ गेली.

“आक्का, रिपोर्ट दोनदा बघून दिलाय. आता माझ्या हातात काही नाही.”

“मी तुला खोटं म्हणत न्हाय गं बाई,” आक्का म्हणाली. “आमी अकरा जणी येकेक दाणा निवडतो. सुरकुतलेला, रंग बदललेला दाणा आमच्या सुपातनं पुढं जात न्हाय. ती चिक्की आमच्याच पोरांनी खाल्लीया. माझ्या नातीनं खाल्लीया. चार दिस झालं, तिचं अंग गरम लागतंय का म्हणून मी उठून उठून बगतो. उद्या सकाळी पंचायतीची माणसं येऊन सगळा माल पुरणार हाईत आणि खोलीला कुलूप घालणार हाईत. त्यात विष असंल तर मी आडवी येत न्हाय, मीच खड्डा काढून देतो. पर ह्यात विष हाय म्हणून कोण सांगतंय, त्येचं तोंड मला एकदा बगू दे.”

पूर्णिमानं तिला आत आणलं आणि माझ्यापुढे बसवलं. “हा सांगतो,” ती म्हणाली.

आक्का माझ्याकडे पाहत राहिली. मित्रांनो, माझ्याकडे पुष्कळांनी पाहिलं होतं, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता. ती अगदी सरळ विचारत होती आणि मला उत्तर माहीत होतं. तिच्या समोर बसून गप्प राहण्याइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

भावकू दुसऱ्या कुणाचे नमुने भरत होता. दोन तास आक्का त्याचे हात बघत बसली. चहा आला, तिनं घेतला नाही. दुपारी तिनं विचारलं, “अण्णा, आमच्या शेंगदाण्याच्या आदी ह्या नळीत कुणाचं व्हतं?”

“पेंडीचं व्हतं आक्का. पर मदी धुतोय आमी. तीन डाव.”

“तसं न्हवं,” आक्का म्हणाली. “आमच्यात विहिरीचं पाणी फडक्यानं गाळत्यात. गाळून झालं की फडकं उलटं करून त्याच विहिरीत निथळायचं. फडक्यात जे जीव अडकलेत ते ज्येच्या त्येच्या पाण्यात गेलं पायजेत. एका विहिरीचं फडकं तसंच दुसऱ्या विहिरीवर न्हेलं तर पाप लागतंय म्हणायची माझी आई. तुमी तीन डाव धुता, ब्येस करता. पर फडक्यात काय ऱ्हायलं न्हाय ह्ये बगता कसं?”

भावकूनं पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमाच्या ओठावर उत्तर तयार होतं, कारण पुस्तकात त्याला उत्तर आहे. पण तिला शुक्रवारचं ते दुसरं, लहान पीक आठवलं असावं. ती उठली आणि तिनं फ्रीजमधून पेंडीच्या त्याच नमुन्याची बाटली काढली.

“मामा, हे भरा. सोडा. नेहमीसारखं तीन वेळा धुवा. मग नुसता कोरा द्रव भरा.”

कोऱ्या द्रवात कशाचंच काही नसतं. त्याला आमच्याकडे ‘रिकामी सोड’ म्हणतात. सकाळी काम सुरू करताना एकदा ती व्हायची आणि तेवढी पुरे असं सगळे धरून चालले होते. भावकूनं भरलं. मूठ खाली ओढली. विषाची हजेरी लागते ती नवव्या मिनिटाला. तिघंही कागदाकडे बघत उभी राहिली. आठ मिनिटं रेघ सरळ गेली. नवव्या मिनिटाला ती वर उचलली गेली आणि कागदावर विषाचं पीक आलं. ज्या बाटलीत काहीच नव्हतं तिच्यात ते आलं.

पूर्णिमा खाली बसली. मग तिनं पंप थांबवला, दाब उतरू दिला, माझे तीन स्क्रू सोडवले आणि चकती काढून भिंगाखाली धरली. ओरखडा दिसला. ओरखड्याच्या टोकाला एक लाल कण रुतलेला होता.

“हे काय आहे?” ती स्वतःशीच म्हणाली.

भावकूनं भिंगातून पाहिलं. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो एकटाच साहेबांच्या खोलीकडे निघाला, तेव्हा पूर्णिमा आणि आक्का दोघीही त्याच्या मागून गेल्या. दार उघडंच होतं. मी सुटा होऊन टेबलावर पडलो होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, त्ये कुंकू माझं हाय,” भावकू म्हणाला. “खंडेनवमीला मीच लावलो. सुईच्या तोंडावर.”

साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांना समोर संकटाचा डोंगर दिसला. “भावकू, तू मधे पडू नकोस,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह जुना झालाय, चकती झिजली असं लिहू. आज झिजली, आज कळलं. आक्कांचा रिपोर्ट बदलून देतो. विषय संपला.”

पाहा, मित्रांनो. माझ्या माथी मारून सगळे सुटत होते. मी जुना होतोच, कुणीही विश्वास ठेवला असता. आणि मी एवढं केलं होतं की ते सोसायला मी तयारही होतो.

“न्हाय साहेब,” भावकू म्हणाला. “त्यो आजचा झिजलेला न्हाय. सव्वीस दिस झालं. त्या सव्वीस दिसांत जेवढ्यांचं आपण सोडलं, त्यांतलं कुणाचं कुणाच्या नावावर गेलं असंल कोण सांगणार? झीज म्हणून लिवलं तर ह्या आक्का सुटतील. बाकीच्यांना कोण सांगायचं?”

“किती नमुने आहेत?” साहेबांनी विचारलं.

“एकशे सात,” पूर्णिमा म्हणाली. “आणि साहेब, दुसऱ्या वेळचं पीक लहान आलं होतं. तेव्हा मी थांबायला हवं होतं. माझी सही आहे.”

“तुम्हा दोघांना याचा अर्थ कळतोय का? नोकरीवर येईल.”

मग आक्काचा आवाज आला. “साहेब, मला एकटीलाच मोकळं करू नका. चार दिस मी कसं काढलेत माझं मला ठावं. माझ्यासारखं आणि कोण बसलं असंल घरात, त्येला बी सांगा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेबांनी फोन उचलला आणि पंचायतीला सांगितलं की उद्या माल पुरू नका. मग ते बाहेर आले आणि खंडेनवमीपासूनची फाईल कपाटातून त्यांनी स्वतः काढली.

दुपारभर काम चाललं. मला आतून बाहेरून धुतलं, नवी चकती बसवली, आधी रिकामी सोड झाली आणि तिची रेघ सरळ आली. आक्काच्या शेंगदाण्याची राखून ठेवलेली पिशवी फोडून दाणे नव्यानं दळले, त्यांचा अर्क काढला, गाळला. ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं होतं तेव्हा भावकूनं सुई भरली. त्याचा हात मी इतकी वर्षं ओळखत होतो. त्या दिवशी तो पहिल्यांदा अडला. त्यानं सुई बाजूला ठेवली, तळवे विजारीला पुसले आणि पुन्हा घेतली. भर. सोड.

आठ मिनिटं. नऊ मिनिटं. दहा मिनिटं. रेघ ताटातल्या पाण्यासारखी शांत होती.

“हेच?” आक्कानं विचारलं.

“हेच आक्का,” पूर्णिमा म्हणाली. “काही नाही त्यात. नातीला काही होणार नाही.”

आक्का रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीकडे बघून विचारलं, “दिवस हाय न्हवं अजून?” सूर्य मावळल्यावर तिच्या घरात खात नाहीत, आणि सकाळपासून तिनं पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. पत्र्याच्या वर अजून ऊन होतं. तिनं डबा उघडला. त्यात तेच शेंगदाणे होते, भाजलेले. पहिली मूठ तिनं भावकूच्या हातावर ठेवली.

भावकूला ती तोंडात घालवेना. “आक्का, माझ्यामुळं झालं समदं,” तो म्हणाला.

“खा अण्णा,” आक्का म्हणाली. “तुझ्यामुळंच कळलं बी.”

मग त्यानं मान खाली घालून एकेक दाणा खाल्ला.

पुढचे नऊ दिवस आम्ही ते एकशे सात नमुने पुन्हा तपासले. आणखी चार जणांच्या नावावर दुसऱ्याचं विष गेलेलं निघालं. त्या चौघांना साहेबांनी चूक कबूल करणारी पत्रं आपल्या सहीनं पाठवली. पूर्णिमाला लेखी ताकीद मिळाली. भावकूला काही महिने पुन्हा भांडी धुवायला बसवलं, आणि तो कुरकुर न करता बसला. मात्र तेव्हापासून दर नमुन्यानंतर रिकामी सोड करायची असा नियम झाला आणि तो आजतागायत कुणी मोडलेला नाही.

पुढच्या खंडेनवमीला भावकू पुन्हा माझ्यापुढे आला, तेव्हा मी घाबरलो होतो आणि थोडा आशेवरही होतो. त्यानं कुंकवाची वाटी लांब ठेवली. मला धुतलं. कोरा द्रव भरला, मूठ खाली ओढली आणि रेघ पूर्ण होईपर्यंत हात बांधून उभा राहिला. मग तो सरळ रेघेचा कागद त्यानं माझ्याशेजारी भिंतीला लावला, त्या कागदाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाला, “झाली रं तुझी पूजा.” पहिल्या वर्षी मी रुसलो. तराजूला कुंकू, भट्टीला कुंकू आणि मला नुसता कागद? दोन-तीन वर्षांनी मात्र मी त्या कागदाची वाट बघू लागलो. आक्काकडून त्या दिवशी न चुकता चिक्कीचा डबा यायचा.

अशी आठ वर्षं गेली. मग गेल्या पावसाळ्यात नवं यंत्र आलं. ते शंभर बाटल्या एका चक्रात मांडून घेतं, आपलं आपण भरतं, आपलं आपण धुतं. त्याला मूठ नाही. आता मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या पूर्णिमानं मला स्वतःच्या हातानं सोडवलं, पुसलं आणि या खिडकीत ठेवलं. पहिले काही दिवस येता-जाता कुणी ना कुणी बघायचं. नंतर माझ्या अंगावर रजिस्टरं आली, एकदा कुणाचा तरी रिकामा डबा आला, आणि खानापूर रस्त्याची धूळ तर रोजचीच. मी मनाची समजूत घालत होतो की नवं यंत्र एक दिवस अडेल, माझी आठवण होईल. म्हातारी माणसं अशी वाट बघतात ना, तसाच.

यंदाची खंडेनवमी भावकूची शेवटची. पुढच्या चैत्रात तो निवृत्त होतो आहे. सकाळी त्यानं पूजा मांडली. नव्या यंत्रात रिकामी सोड केली, सरळ रेघेचा कागद भिंतीला लावला, त्याला बोट लावलं. मग तो खिडकीशी आला. माझ्यावरची रजिस्टरं त्यानं बाजूला काढली, फडक्यानं धूळ झटकली. मला वाटलं, आता मला धुणार, कोरा द्रव भरणार.

त्यानं कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं.

नको, तिथं नको, असं मी ओरडलो असतो, पण मला आवाज नाही. त्यानं ते बोट माझ्या तोंडावर मधोमध, सुईच्या छिद्रावर टेकवलं. अगदी त्याच जागी. भावकूसारखा माणूस त्या जागेला पुन्हा कुंकू लावतो याचा अर्थ एकच होता, आणि तो मला तेव्हा कळला. आता माझ्यातून कुणाचाही नमुना जायचा नव्हता.

“आता असू दे रं,” तो हळूच म्हणाला. “आता कुणाचं काय वाईट व्हत न्हाय.” आणि त्यानं बराच वेळ हात जोडले.

मित्रांनो, मला वाईट वाटलं हे मी लपवत नाही. पण तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, शेतात जी वस्तू तुमच्यासाठी राबते, तिला फूल वाहा, हरकत नाही. पण आधी तिला धुवा, तिच्या आत काय अडकलं आहे ते वाकून पाहा. दुसऱ्याबद्दल एखादी वाईट गोष्ट सांगण्याची वेळ तुमच्यावर आली, तर आधी स्वतःची एक रिकामी सोड करून बघा. आणि चूक तुमच्याच बोटाची निघाली तर ती एखाद्या जुन्या, मुक्या वस्तूवर ढकलू नका. भावकू जसा आपल्या पायांनी साहेबांच्या खोलीत गेला, तसे जा.

त्या सकाळी लावलेलं कुंकू आता वाळलं आहे. त्या वर्षी सुट्टी संपल्यावर पूर्णिमा ओला कागद घेऊन आली होती. यंदा ते पुसायला कुणी आलं नाही.